अपालेचे मागणे

ऋग्वेदाच्या आठव्या मंडलात अपाला नावाच्या एका मुलीचे छोटेसे सूक्त आहे. पाण्यावर निघालेल्या या मुलीला वाटेत सोमवल्ली सापडते. ती वल्ली दातांनी चावून ती तिचा रस काढते आणि तो इंद्राला अर्पण करते. इंद्र प्रसन्न होतो. तेव्हा ती तीन गोष्टी मागते. बापाचे उजाड शेत पिकू दे, बापाच्या उजाड मस्तकावर केस येऊ देत आणि माझ्या अंगावरही लव येऊ दे. राज्य नाही, गायी नाहीत, शत्रूचा नाश नाही. शेत आणि डोके यांची तिने एकाच श्वासात सांगड घातली. जिथे उगवायला हवे तिथे काही उगवत नाही, एवढेच दुःख तिच्या लेखी दोन्हीकडे सारखे होते. टक्कल या विषयाचा भारतीय वाङ्मयातील सर्वांत जुना उल्लेख हाच असावा असे मला वाटते. तो विनोदाचा नाही हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

अथर्ववेदात केस वाढावेत म्हणून वनस्पतीला उद्देशून म्हटलेली सूक्ते आहेत. ती वनस्पती जमदग्नीने आपल्या मुलीसाठी खणून काढली असे तिथे सांगितले आहे. म्हणजे एकीकडे बापासाठी मुलगी देवाला साकडे घालते आणि दुसरीकडे मुलीसाठी बाप जमीन खणतो. पुढे भर्तृहरीच्या काळापर्यंत मात्र हवा बदललेली दिसते. डोक्याला ऊन लागले म्हणून सावलीच्या शोधात बेलाच्या झाडाखाली गेलेला त्याचा खल्वाट आणि त्याच्या डोक्यावर पडलेले ते फळ आपण शाळेत वाचलेले असते. वामन पंडितांमुळे तो मराठीच झाला आहे. तेव्हापासून टकल्या मनुष्याचे हसे करण्याची जणू परवानगीच मिळाली.

मला हा विषय सुचला तो जयपूरला. माझा एक भाचा नोकरीनिमित्त तिथे असतो. त्याच्याकडे चार दिवस राहायला गेलो असता सी-स्कीम, टोंक रोड, वैशालीनगर अशा भागांतून फिरताना केशरोपणाच्या पाट्या पाहून मी थक्क झालो. प्रत्येक पाटीवर तोच तरुण दोनदा दिसे, एकदा केसांवाचून खिन्न आणि एकदा केसांसह प्रसन्न. भाचा त्या पाट्यांकडे पाहत नव्हता. त्याचे कारण मला नंतर कळले. ते ओघाने सांगेनच.

परंतु जयपूरचा आणि या दुखण्याचा संबंध पाट्यांच्या फार आधीचा आहे. हवामहल बांधणारा राजा सवाई प्रतापसिंह हा १७७८ ते १८०३ या काळात जयपूरच्या गादीवर होता. मराठी श्रोत्यांना तो ओळखीचा आहे तो निराळ्या नात्याने. १७८७ साली तुंग्याच्या रणावर महादजी शिंद्यांच्या फौजेशी झुंजलेला, १७९० साली पाटणला आणि १८०० साली मालपुऱ्याला मराठ्यांकडून पराभव पत्करावा लागलेला तो हाच प्रतापसिंह. खंडणीचे तगादे आणि लढाया यांच्या गर्दीतही हा राजा 'ब्रजनिधि' या नावाने कविता लिहीत होता. वैद्यांकडून त्याने एक मोठा ग्रंथही सिद्ध करवून घेतला. त्या ग्रंथाचे नाव 'अमृतसागर'. संस्कृत संहितांतील वैद्यक त्याने ढुंढाडी बोलीच्या गद्यात आणले आणि सागर म्हटल्यावर साहजिकच अध्यायांना 'तरंग' म्हटले. पुढे छापखाने आल्यावर उत्तर हिंदुस्थानातल्या घराघरांत तो पोचला. मुंबईच्या छापखान्यांतूनही त्याच्या आवृत्त्या निघाल्या. संस्कृत न येणाऱ्या गावच्या वैद्याला हाताशी धरता येईल असे पुस्तक त्याने दिले, ही त्याची खरी कामगिरी होय.

आता त्या परंपरेत या रोगाविषयी काय सांगितले होते ते पाहू. सुश्रुताने त्याला क्षुद्ररोगांत घातले आहे. क्षुद्र म्हणजे तुच्छ नव्हे, लहान. वातासह पित्त रोमकूपात शिरते आणि केस पडतात. मग रक्तासह कफ ते रोमकूप बुजवून टाकतो आणि नवा केस यायला वाट उरत नाही, अशी त्याची उपपत्ती आहे. दोष कोणते हा वाद बाजूला ठेवला, तरी केस पडणे ही एक घटना आणि नवा न येणे ही दुसरी, हा भेद त्याने स्पष्ट केला आहे. निरोगी माणसाच्याही डोक्यावरून रोज पन्नास ते शंभर केस गळतात. डोक्यावर केस असतात सुमारे एक लाख. गळणारा केस हे दुखणे नव्हे, मागून न येणारा केस हे दुखणे, हे आजचा त्वचारोगतज्ज्ञही रोग्याला पहिल्या भेटीत सांगतो. चरकाने कारणांमध्ये मिठाचा अतिरेक सांगितला आहे आणि फार मीठ खाणाऱ्या बाल्हीक, सौराष्ट्र, सिंधू अशा प्रदेशांची नावेही घेतली आहेत. त्याला आजचे शास्त्र दुजोरा देत नाही.

उपचारांत माका आहे, जाई आहे, कण्हेर, चित्रक, करंज यांची तेले आहेत, नस्य आहे. यांतला माका आजही आपल्या स्वयंपाकघरातल्या कढईत खोबरेल तेलाबरोबर उकळतो. पण सुश्रुताचा मुख्य उपचार इतका सौम्य नाही. आधी डोक्याची शीर तोडून रक्त काढायचे, किंवा टकलाची जागा खरवडून तीवर गुंजेचा लेप पुन्हापुन्हा द्यायचा. गुंज ही विषारी वस्तू आहे. घरी कोणी हा प्रयोग करू नये हे सांगणे माझे कर्तव्य आहे. मात्र त्वचेला मुद्दाम डिवचून केसाला जागे करण्याची ही कल्पना वाऱ्यावर गेली नाही. २०१३ साली मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. रचिता धुरत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभर पुरुषांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. निम्म्यांना मिनॉक्सिडिल नावाचे औषध नुसते लावले. उरलेल्यांना त्याच औषधाबरोबर बारीक सुयांच्या लाटण्याने दर आठवड्याला टोचण्या दिल्या. बारा आठवड्यांनी ठरावीक जागेतले केस मोजले, तेव्हा पहिल्या गटात सरासरी बावीस केस वाढले होते आणि दुसऱ्यात एक्क्याण्णव. सुश्रुताला हे सारे ठाऊक होते असे म्हणणाऱ्यांच्या पंगतीला मी बसणार नाही. त्याने केस मोजले नव्हते, यांनी मोजले. फरक आहे तो एवढाच, पण तो फार मोठा आहे.

मध्ययुगीन संग्रहग्रंथांत हस्तिदंत जाळून केलेल्या राखेचा एक लेप येतो. त्याची प्रशंसा करताना ग्रंथकाराने याने तळहातावरही केस उगवतात असे ठोकून दिले आहे. जाहिरातीची भाषा नवी आहे असे ज्यांना वाटते त्यांनी हे वाचावे. इजिप्तमधल्या साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एबर्स पपायरसात सिंह, पाणघोडा, सुसर, मांजर, साप यांच्या चरबीचा असाच एक लेप आहे. ज्यूलियस सीझरला विजयाची पर्णमाला डोक्यावर घालण्याचा मान मिळाला, तेव्हा टक्कल झाकायची सोय झाली म्हणून तो खूश झाला, असे त्याच्या चरित्रकाराने नमूद केले आहे.

सीझरची आठवण निघाली म्हणून एक प्रश्न विचारतो. आपल्याकडे पेशवाईतल्या कोणा मुत्सद्द्याने टकलाची तक्रार केल्याचे तुम्ही कधी वाचले आहे का? मी तरी नाही. याचे कारण उघड आहे. शेंडीपुरते केस ठेवून बाकी डोके न्हाव्याकडून तासून घ्यायचे, आणि बाहेर पडताना वर पगडी किंवा पागोटे चढवायचे, हा शिरस्ताच होता. जयपुरातही पगडीवाचून मनुष्य दरबारात उभा राहत नसे. जिथे सगळेच डोके भादरतात तिथे टकल्या कोण हे न्हाव्याखेरीज कोणाला कळणार? एकोणिसाव्या शतकात इंग्रजी शाळा आल्या, त्यामागून इंग्रजी पद्धतीचे केस आले, मग पागोटे गेले, टोपी गेली, आणि शेवटी आरसा तेवढा राहिला. टक्कल त्या दिवसापासून दिसू लागले. केसाची लाज ही निसर्गाने दिलेली नसून पोशाखाने दिलेली आहे असे माझे मत आहे.

या विधानाला एक काळी बाजू आहे आणि ती टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. पुरुषांनी डोके तासले तो आचार झाला. विधवेचे डोके तासले ती शिक्षा झाली. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत नाभिकांची सभा भरली आणि विधवांचे केशवपन यापुढे आपण करणार नाही असा निर्धार त्यांनी केला. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला. केसांचा इतिहास लिहिताना राजेरजवाड्यांच्या ग्रंथांइतकेच या सभेलाही स्थान दिले पाहिजे.

आता वळतो तो या रोगाच्या खऱ्या कारणाकडे. षंढांना टक्कल पडत नाही, हे ग्रीक वैद्य हिपोक्रेटीसच्या नावावरील वचनांत आहे. स्त्रियांना खालित्य होत नाही असे आपल्याकडच्या टीकाकारांनी म्हटले आहे आणि त्याचे कारण मासिक रजःस्रावात शोधले आहे. दोघांचीही निरीक्षणे अपुरी होती. स्त्रियांचेही केस विरळ होतात, फक्त त्यांचा क्रम निराळा असतो. पण दोघांची बोटे एकाच दिशेला होती. १९४२ साली अमेरिकेत जेम्स हॅमिल्टन या शरीरशास्त्रज्ञाने ही दिशा पक्की केली. ज्यांची वृषणे वयात येण्यापूर्वी काढली गेली किंवा निकामी होती, अशांना टक्कल पडत नाही. त्यांना पुरुषत्वाचे संप्रेरक टोचले, तर ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांना ते पडू लागते. टोचणे थांबवले की पडणे थांबते, मात्र गेलेले परत येत नाही. म्हणजे घराण्याचा वारसा आणि संप्रेरक ही दोन्ही जुळून यावी लागतात. तेलाचा, टोपीचा किंवा पाणी बदलल्याचा त्यात फारसा वाटा नाही.

औषधे सापडली ती मात्र आडवाटेने. मिनॉक्सिडिल हे रक्तदाबाचे औषध. ते पोटात घेणाऱ्यांच्या अंगावर, चेहऱ्यावर केस वाढू लागले. रोग्यांनी तक्रार केली आणि काही डॉक्टरांनी ती तक्रार हसण्यावारी न नेता लिहून ठेवली. १९८८ साली तेच औषध डोक्याला लावण्यासाठी अमेरिकेत मान्य झाले. दुसरी कथा डोमिनिकन प्रजासत्ताकातल्या एका खेड्यातली. तिथे काही मुले जन्मतः मुलीसारखी दिसत आणि वयात येताना पुरुष होत. १९७४ साली ज्युलियन इम्पेरॅटो-मॅकगिन्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की टेस्टोस्टेरोनचे रूपांतर अधिक प्रखर अशा डायहायड्रोटेस्टोस्टेरोनमध्ये करणारे एक विकर या मुलांत उणे असते. पुढे या पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी लहानच राही आणि कपाळावरचे केस मागे हटत नसत. या विकराला अडवणारे फिनास्टेराइड १९९२ साली प्रोस्टेटसाठी आणि १९९७ साली लहान मात्रेत टकलासाठी मान्य झाले. दोन्ही औषधे घेत आहोत तोवरच चालतात. फिनास्टेराइडने काही थोड्या पुरुषांत कामेच्छा मंदावते, आणि गरोदर स्त्रीने त्याच्या फुटलेल्या गोळीला हातही लावू नये असा इशारा असतो. म्हणून ते डॉक्टरला विचारूनच घ्यायचे.

आणि रोपण? त्यासाठी क्षणभर पुण्याला यावे लागेल. जयपुरात प्रतापसिंहाचे राज्य चालू असताना, १७९३ च्या सुमारास, पुण्याजवळ एका वीटकामाच्या जातीतल्या कारागिराने कावसजी नावाच्या मराठी गाडीवानाचे नाक नव्याने घडवले. टिपूने त्याचे नाक कापले होते. कपाळावरची कातडी उलटवून ते नाक बसवले. इंग्रज डॉक्टरांनी हे डोळ्यांनी पाहिले आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने ते चित्रासह छापले. एका जागेची कातडी दुसऱ्या जागी जगते हे युरोपने त्यातून शिकून घेतले. पण ती नुसती जगत नाही. आपला मूळ स्वभावही बरोबर नेते. कपाळाची कातडी घेताना केसांची कड आली, तर नाकावरही केस येतात.

हाच स्वभाव टकलाच्या उपयोगी पडला. कानामागचे आणि मानेवरचे केस त्या संप्रेरकाला बधत नाहीत, म्हणूनच पक्क्या टकल्या माणसालाही मागे झालर उरते. तिथले मूळ उचलून पुढे लावले तर? जपानात शोजी ओकुदा यांनी १९३९ साली भाजलेल्या व व्रण पडलेल्या जागी केसांची अशी रोपे लावल्याचे प्रसिद्ध केले. पण युद्ध पेटले आणि ते लेख बराच काळ जपानी भाषेतच राहिले. न्यूयॉर्कचे नॉर्मन ओरेंट्राइच यांनी स्वतंत्रपणे १९५२ साली पुरुषी टकलावर हाच प्रयोग केला. त्यांचा निबंध छापून यायला १९५९ साल उजाडले. त्या वेळची रोपे चार मिलिमीटरची, म्हणून बाहुलीच्या डोक्यासारखे झुबके दिसत. आता एक ते चार केसांचे नैसर्गिक पुंजके सुटे करून, मिलिमीटरहून बारीक पोकळ सुईने काढून लावतात. कोकणात तरव्यातून उपटलेले भाताचे रोप चिखलात लावतात तसे हे काम आहे. लावलेले केस आधी काही आठवड्यांत गळतात, तीनचार महिन्यांनी नवे येऊ लागतात आणि पुरता अंदाज यायला वर्ष लागते. फरक इतकाच की तरवा दरवर्षी नव्याने पेरता येतो. मानेवरचा तरवा आयुष्यात एकदाच मिळालेला असतो.

माझ्या भाच्याची गोष्ट इथे येते. तेविसाव्या वर्षी, लग्नाच्या बोलण्यांआधी, एका दवाखान्यात त्याने एका बैठकीत कपाळाची रेषा भरून घेतली. दवाखान्याचे नाव सांगण्यात अर्थ नाही. तुझे मागचे केस अजून जायचे आहेत, गोळ्या घे, चारपाच वर्षे थांब, हे त्याला तिथे कोणी सांगितले नाही. पाच वर्षांत लावलेली रेषा जशीच्या तशी राहिली आणि तिच्या मागची सगळी जागा मोकळी झाली. समुद्रात बेट राहावे तसे. दुसऱ्या डॉक्टरांनी मानेकडचा साठा तपासून पाहिला आणि आता घाई नको असे सांगितले. "मामा, मला कोणी फसवले असे नाही म्हणवत," तो म्हणाला, "मी विचारलेच नव्हते ना काही. त्या माणसाला फक्त तारीख विचारली." २०२२ साली राष्ट्रीय वैद्यक आयोगाने केशरोपणासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत नुसत्या कार्यशाळा किंवा यूट्यूबवरच्या चित्रफिती पाहून आलेले ज्ञान हे पुरेसे शिक्षण नव्हे असे लिहावे लागले. जे लिहावे लागते ते कोठे तरी घडत असते. औषधांच्या नियमावलीतही ज्या रोगांवर रामबाण म्हणून औषध विकता येत नाही अशांची एक यादी आहे, आणि तीत टकलाचे नाव आहे.

शेवटी आपल्याच मुलखातली एक घटना सांगितली पाहिजे, कारण केस जाणे म्हणजे नेहमी एकच रोग नसतो. चाई वेगळी, खवडा वेगळा, आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात जे झाले ते आणखी वेगळे. बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतून डोक्याला खाज सुटे आणि तीनचार दिवसांत केस मुठीमुठीने हातात येत. बायका, मुले, म्हातारे, कोणी सुटले नाही. कोणी पाण्याला दोष दिला, कोणी शांपूला. सोयरिकी जुळण्यात अडथळे येऊ लागल्याच्या बातम्या आल्या. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक गावात आले. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही स्वतः तपास केला. विंचूदंशावरच्या उपचारासाठी त्यांचे नाव जगभर झाले आहे. शिधावाटपाच्या गव्हात सेलेनियम अतोनात आहे असा निष्कर्ष त्यांनी काढला. पंजाबच्या काही भागांतल्या जमिनीत हे द्रव्य अधिक असल्याचे आधीपासून माहीत आहे. हे कारण धरले तर त्या गावकऱ्यांना ना गोळी हवी होती ना रोपण. धान्य बदलायला हवे होते. शेत आणि डोके यांची अपालेने घातलेली सांगड इथे इतक्या शब्दशः खरी ठरावी, याचे मला आश्चर्य वाटते.

जयपूरहून निघण्याच्या आदल्या दिवशी मी आमेर रस्त्यावरच्या माधव विलासात जाऊन आलो. इथल्या महाराजा संस्कृत महाविद्यालयात १८६५ पासून आयुर्वेद शिकवला जाई. पुढे १९४६ साली स्वतंत्र आयुर्वेद महाविद्यालय निघाले आणि १९७६ साली राष्ट्रीय आयुर्वेद संस्था झाली. ती या वाड्यात आहे. बाह्यरुग्ण विभागात रांगेत म्हातारे होते, गुडघे धरून बसलेल्या बाया होत्या, आणि डोक्यावर रुमाल बांधलेली दोन कॉलेजातली पोरे होती. त्यांतल्या एकाने माझ्या मोकळ्या माथ्याकडे पाहिले आणि चटकन नजर वळवली.

संध्याकाळी भाच्याच्या मित्राच्या बहिणीचे लग्न होते. दारातच एक म्हातारा आल्यागेल्या प्रत्येक पुरुषाच्या डोक्याला साफा बांधत होता. पंचवीस हात कापड तो दोन मिनिटांत गुंडाळी. भाच्याने डोके पुढे केले, मग मी केले. आत गेल्यावर गर्दीत तो मला काही केल्या सापडेना, सगळी डोकी सारखीच केशरी दिसत होती.